"टीव्ही बंद का?" असं सरपंच विचारतात

पत्र

मी भोर तालुक्यात, धरणाच्या पलीकडच्या अंगाला, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी सांभाळते. दोन्ही मिळून मुलं अठरा. नोकरीचं हे सहावं वर्ष. दिवाळीनंतर गावाने लोकवर्गणीतून ५५ इंची स्मार्ट टीव्ही दिला. गटशिक्षणाधिकारी आले, नारळ फुटला, फोटो निघाले. तेव्हापासून सरपंच येता-जाता खिडकीतून डोकावतात आणि विचारतात, "बाई, टीव्ही बंद का?"

टीव्ही लावला की मुलं एकदम गप्प. बडबडगीतांचे व्हिडिओ हातवाऱ्यांसकट तोंडपाठ. पण तीच कविता पुस्तकात उघडून दिली तर पाच-सहा जण सोडले तर बाकीच्यांचं तोंड एका ओळीवर आणि बोट भलत्याच ओळीवर. तिसरी-चौथीचे गुरुजी पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. ते म्हणतात, "मी खडू-फळ्यावर पिढ्या घडवल्या, त्या डब्याला हात लावणार नाही." इकडे पालक तालुक्याच्या इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीकडे बघतायत. तिथे म्हणे सगळे वर्ग स्मार्ट आहेत. दोन मुलं गेलीच यंदा.

आता केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, "वर्गातील तंत्रज्ञान : माझी भूमिका" यावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. माझी भूमिकाच ठरत नाही. टीव्ही लावला की मन खातं, नाही लावला की भीती वाटते. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मी जुनाट झालेय का? आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोजचा अभ्यास पाठवायचा का? बाकीच्या शाळा पाठवतात.

— एक शिक्षिका

उत्तर

प्रिय मॅडम,

तुमच्या पत्रात बरंच काही आहे, पण मी अडले ते त्या बोटापाशी. तोंड एका ओळीवर आणि बोट भलत्याच ओळीवर, याचा अर्थ मूल वाचत नाहीये, म्हणतंय. व्हिडिओत चाल असते, हातवारे असतात, खालून अक्षरं सरकत असतात. त्या अक्षरांकडे बघायची वेळच मुलावर येत नाही, कारण चालच पुढचा शब्द कानात घालते. मूल हुशार असतं, सोपा रस्ता धरतं. हे तुम्हाला कुणी प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं, तुम्ही वर्गात वाकून बघितलंत म्हणून दिसलं. तेव्हा भूमिका ठरत नाही असं म्हणू नका. ती ठरलेली आहे, मांडायची तेवढी राहिलीय.

मी ती अशी मांडेन : त्या तासाला डोकं कुणी चालवलं? मुलाने चालवलं असेल तर टीव्ही खुशाल राहू दे. सगळं टीव्हीनेच केलं असेल तर बटण बंद करा, मग व्हिडिओ कितीही सुरेख असो. हीच फूटपट्टी फळ्यालाही लावा बरं का. "फळ्यावरचं वहीत उतरवून घ्या" असं सांगून हजेरीपत्रक पूर्ण करत बसलं की वर्गात जी शांतता पसरते, ती टीव्हीपुढच्या शांततेहून काही वेगळी नसते. मुलं गप्प बसली म्हणजे शिकतायत, हा समज टीव्हीच्या कितीतरी आधीचा आहे.

शाळेत पडदा येण्याचं कौतुकही तसं जुनंच. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी ही शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम करणारी राज्याची संस्था सुरू झाली. दूरदर्शनवर लागणारे तिचे कार्यक्रम आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना अजून आठवतात. मन लावून केलेले कार्यक्रम होते ते. २०१७ साली ती संस्था बंद झाली. पण तिची मोठी अडचण शिक्षकांच्या बाजूने बघितली तर वेगळीच होती : कार्यक्रम लागायचा तिकडच्या वेळेला, चालायचा तिकडच्या वेगाने, आणि मधेच एखाद्या पोराने "म्हणजे काय?" विचारलं तरी तो थांबायचा नाही. तुमचा टीव्ही थांबतो. रिमोट तुमच्या हातात आहे, आणि त्यावरचं सगळ्यात कामाचं बटण थांबवायचं आहे. बहुतेक वर्गांत तेच सगळ्यात कमी दाबलं जातं.

कसं दाबायचं ते सांगते. समजा बी रुजण्याचा चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. आधी मटकी भिजवा, ओल्या फडक्यात बांधा, खिडकीत ठेवा. रोज एक मूल फडकं सोडून बघेल आणि काय दिसलं ते सांगेल, तुम्ही ते वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहाल. मोड आले की मग टीव्ही. आधी आवाज बंद. "काय चाललंय?" मुलंच सांगतील, आपल्या फडक्यात असंच झालं की नाही यावरून भांडतीलही. मूळ जमिनीत शिरायच्या आत थांबवा. "आता कुठं जाईल? वर का खाली?" हात वर करून घ्या, मत फळ्यावर मोजा, मग पुढे चालवा. आवाज सगळ्यात शेवटी. चार मिनिटांचा व्हिडिओ पस्तीस मिनिटं चालेल. रात्रभर मूळ कसं सरकत गेलं हे फडक्यात दिसत नाही, ते टीव्हीवर दिसतं. तेवढ्यासाठी टीव्ही हवा.

यातून दुसरी गोष्ट आपोआप ठरते. जे शिवारात आहे ते शिवारात बघायचं. धरणाच्या काठच्या शाळेत, जुलैच्या पावसात, बाहेर बेडूक कानठळ्या बसवत असताना आत मुलांना बेडकाचा कार्टून व्हिडिओ दाखवणं म्हणजे जरा अतीच. पण समुद्रातलं जहाज, बर्फ, ज्वालामुखी, आगगाडी? घाटाखाली न उतरलेल्या तुमच्या मुलांना हे दाखवायला टीव्हीसारखं साधन नाही. तिथे मागेपुढे बघू नका.

काही बारीक गोष्टी. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड आणि अभ्यासाचं साहित्य असलेलं सरकारी दीक्षा अ‍ॅप तुम्हाला माहीत आहेतच. तुमच्याकडे रेंजची बोंब असणार, म्हणून व्हिडिओ घरून उतरवून न्या. यूट्यूब थेट लावलंत तर मधेच जाहिरात येते, आणि व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. एकदा का भलतंसलतं कार्टून लागलं की पुढचे दोन दिवस "बाई, तेच लावा" ऐकावं लागतं. आणि स्वतः आधी पूर्ण बघितलेला नाही असा व्हिडिओ वर्गात लावायचा नाही, मग तो कुणीही पाठवलेला असो.

आता टीव्ही जरा बाजूला ठेवा आणि तुमच्या पर्समधला मोबाइल काढा. पहिली-दुसरीसाठी मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं साधन त्यात आहे, आणि त्याला नेट लागत नाही. आवाज रेकॉर्ड करायचं बटण. मुलाला पुस्तकातल्या पाच ओळी वाचायला द्या, रेकॉर्ड करा. मग तेच पान पुढ्यात ठेवून त्याचा आवाज त्यालाच ऐकवा, बोट ओळीवर. वाचताना सगळं लक्ष अक्षर जुळवण्यात गेलेलं असतं, आपण काय बोललो हे मुलाला कळत नाही. ऐकताना कळतं. तिसऱ्या ओळीला ते स्वतःच उडी मारेल : "बाई, मी 'होता' म्हटलं, इथं 'होती' आहे!" तुम्ही चूक दाखवली असती तर मान खाली गेली असती. स्वतः पकडली की डोळे चमकतात. बोट आणि तोंड एका जागी आणायला मला तरी याहून चांगला उपाय माहीत नाही. रोज तीन-चार मुलं घ्या, आठवड्यात सगळा वर्ग होतो. प्रत्येक मुलाच्या नावाचं फोल्डर करा आणि जुनं पुसू नका, त्याचं काम पुढे आहे.

हाच मोबाइल टीव्हीला जोडता येतो. एखाद्या मुलाने वहीत लिहिलेल्या वाक्याचा फोटो काढा आणि तो ५५ इंचांवर लावा. "आमच्या शेरडाला दोन करडं झाली." आपलं अक्षर एवढं मोठं बघून ते मूल फुशारतं आणि बाकीची वाचायला धावतात, कारण शेरडू त्यांच्या ओळखीचं आहे. तुमच्याकडे कातकरी, धनगर, महादेव कोळी घरातली मुलं असतील. त्यांच्या घरचे शब्द पुस्तकात फारसे सापडत नाहीत. एखादीच्या आजीला बोलवा, रानभाज्या कुठे मिळतात, कशा करतात हे सांगू दे, रेकॉर्ड करा, त्यातली आठ-दहा वाक्यं आहेत तशी मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीवर लावा. टीव्ही चालू, सरपंच खुश, आणि पडद्यावर जे आहे ते वाचल्याशिवाय मुलांना गत्यंतर नाही.

रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा बातम्यांत क्यूआर कोड गाजला. पण त्या पुरस्काराच्या वेळी सांगितली गेलेली हकिगत नीट वाचली तर क्यूआर कोड दुसऱ्या पायरीवर येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत मुलांची घरची भाषा कन्नड होती, पुस्तक त्यांना कळत नव्हतं. गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तक मुलांच्या भाषेत आणलं, मग त्याला कोड जोडले. आपल्याकडे नंतर अनेकांनी कोड उचलला आणि कन्नड तिथेच ठेवली. शिक्षण परिषदेत हे जरूर सांगा, कारण "डिसले गुरुजींसारखं काहीतरी करा" हे वाक्य तुम्हाला तिथे ऐकू येणारच आहे.

यंत्र आलं म्हणून मुलं शिकली, असं कुठेच होत नाही. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' म्हणून दर मुलाला एक लॅपटॉप द्यायची एक मोठी योजना होती. आपल्याकडे २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या छोट्याशा शाळेत तिचा प्रयोग झाला होता. पेरू देशाने तर त्याखाली ८ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ साली तिथला अभ्यास आला : गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. उलट उदाहरण दिल्लीचं. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत संगणकावरच्या एका कार्यक्रमाने मुलांचं गणित आणि हिंदी साडेचार महिन्यांत चांगलं सुधारलं. तो अभ्यास २०१९ साली छापून आला. फरक कशामुळे? तो कार्यक्रम सहावीतल्या मुलाला सहावीचं गणित देत नव्हता. मूल तिसरीच्या पातळीवर असेल तर तिसरीचं द्यायचा आणि तिथून वर न्यायचा. शिवाय छोट्या गटांना शिकवणारी माणसं सोबत होतीच.

हे वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की तुमचा टीव्ही बरोबर याच्या उलट काम करतो. वाचणाऱ्या सहा जणांना आणि न वाचणाऱ्या बारा जणांना तो एकच गोष्ट एकाच वेगाने दाखवतो. पातळीप्रमाणे गट करायचं काम तुमचंच राहणार, ते त्याच्यावर सोपवता येत नाही. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाने, ज्ञानरचनावाद (मुलाने स्वतः करून बघत शिकायची पद्धत) गावोगाव पोचवला तो काड्या, खडे, मणी आणि जमिनीवरच्या आखण्या घेऊन, वीज न जाळता.

तर जुनाट आहात का? नाही. गुरुजींचं मात्र वेगळं आहे. न बघताच नाही म्हणणं ही भूमिका होत नाही, तो हट्ट झाला. पण वर्षभरात निवृत्त होणाऱ्या माणसाला बदलायच्या भानगडीत पडू नका, त्यात तुमचीच शक्ती जाईल. त्याऐवजी त्यांच्याकडून गोष्टी मागून घ्या. पिढ्या घडवलेल्या माणसाकडे दोन-चार तरी फर्मास गोष्टी असतात. "गुरुजी, तुम्ही पुढच्या वर्षी नसाल, पोरांसाठी तुमच्या आवाजात ठेवून जा" म्हणा आणि रेकॉर्डिंग लावा. डब्याला हात लावायची गरज नाही, आवाज आपोआप जाईल त्यात.

सरपंचांचा प्रश्न खरा नाजूक आहे. त्यांनी घरोघरी फिरून वर्गणी काढली, लोक त्यांना विचारतात. आणि पट कमी होण्याची भीती तुमच्याइतकीच त्यांनाही आहे. वीसच्या आत पट असलेल्या शाळा मिळून समूह शाळा करायची चर्चा २०२३ पासून गावोगाव पोचलीय. पिवळी गाडी दिसली की सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. म्हणून त्यांना शिक्षणशास्त्र ऐकवू नका. पालकसभा बोलवा, त्यांना अध्यक्ष करा, आणि टीव्हीच्या स्पीकरवर मुलांची सुरुवातीची आणि काही महिन्यांनंतरची रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकवा. आधी अडखळणारा, मग धडाधड वाचणारा तोच आवाज. आपलं लेकरू वाचतंय हे ज्या बापाने कानांनी ऐकलं, त्याला स्मार्ट क्लासची जाहिरात तितकीशी लागू पडत नाही. एक पथ्य पाळा : अजून अडखळणाऱ्या मुलाचा आवाज सभेत लावायचा नाही, त्याच्या आईबापाला बाजूला घेऊन ऐकवा. आणि एवढं करूनही एखादं मूल पिवळ्या गाडीत बसलं तर तो दोष स्वतःच्या माथी घेऊ नका. इंग्रजीचं आकर्षण टीव्हीने सुटणारं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अभ्यासाबद्दल माझं मत कडक आहे : नको. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, बाप रात्री आठला येणार, मग त्यावर दहावीतल्या ताईचा पहिला हक्क. ज्याच्या घरी फोनच नाही ते मूल सकाळी वर्गात कानकोंडं होऊन बसणार. कोरोनात "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" म्हणत आपण सगळ्यांनी धडपड केली, तेव्हा ग्रुपवर कोण होतं आणि कोण नव्हतं हे तुम्ही नव्या असतानाही बघितलंच असेल. शिवाय अभ्यासासाठी हातात दिलेला फोन अभ्यासावर थांबत नाही. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातली १४ ते १६ वर्षांची मुलं आहेत. त्यांच्यातल्या ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. तुमची मुलं सहा-सात वर्षांची आहेत, त्यांना या वाटेवर शाळेनेच कशाला आणून सोडायचं? ग्रुपवर पालकांसाठी पाठवा, बोलून पाठवा, अर्ध्या मिनिटाचं : "आज घरातल्या डब्यांवरची नावं लेकराकडून वाचून घ्या." जमेल तो करील. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या आईला हीच गोष्ट शाळा सुटताना फाटकाशी सांगा.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, याचं मला नवल वाटलं. वर्गातला वेळ खाणारं खरं तंत्रज्ञान म्हणजे माहिती भरायची. ऑनलाइन हजेरी, पोषण आहाराची नोंद, यू-डायस आणि सरल ही शाळेची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, अमक्या उपक्रमाचे फोटो, तमक्या लिंकवर नोंदणी "आजच, तातडीने". रात्र थोडी आणि सोंगं फार. "आम्हाला शिकवू द्या" म्हणत शिक्षक रस्त्यावर उतरले ते यासाठीच. परिषदेत वर्गातल्या तंत्रज्ञानावर बोलताना हे वगळलंत तर बोलणं अर्धंच राहील. रागाने बोलू नका, हिशेब मांडा. एक आठवडा वहीत लिहून ठेवा, शाळेच्या वेळेतली किती मिनिटं मोबाइलवर माहिती भरण्यात गेली. तो आकडा केंद्रप्रमुखांसमोर वाचून दाखवा. त्यांच्यावरही वरून तेच येत असतं, त्यामुळे वाईट वाटून घेणार नाहीत. आणि उपक्रमाचा फोटो हवा म्हणून वाचत असलेल्या मुलाला "इकडे बघ" म्हणायचं नाही, एवढं तुमच्या हातात आहेच.

पंधरा मिनिटांचं काय? दहा मिनिटं पुरतात. एका मुलाचं नाव न सांगता, त्याच्या आईबापाला विचारून, त्याची दोन रेकॉर्डिंग लावा. ते काय वाचत होतं त्या पानाचा फोटो पडद्यावर ठेवा, म्हणजे समोरचे शिक्षकही बोट लावून ऐकतील. मग मटकीचा तास सांगा, आठवड्याचा हिशेब वाचा आणि बसा. पीपीटी मागितली तर ती या एका फोटोचीच.

जाता जाता, टीव्हीचं वीजबिल कोण भरणार हे ग्रामपंचायतीच्या ठरावात आलंय का? नारळ फोडताना हे कुणाला सुचत नाही. मग बिल थकतं, मीटर निघतो, किंवा मॅडम गुपचूप पगारातून भरत राहतात. सरपंच पुढच्या वेळी खिडकीत आले की आधी हेच काढा.